मधला तुकडा

माझी नात पुण्याला कॉम्प्युटरचं काम करते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा मी सहज विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय. ती म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार." मी गप्प बसले. मला कळणार नाही असं कोणी म्हटलं की मी गप्पच बसते. पण तिलाच चुटपुट लागली असावी. चिवडा खाता खाता ती सांगू लागली. त्यांच्याकडे एक जुना प्रोग्राम असतो. त्याच्याशी बोलायची त्याची एक ठरलेली रीत असते. मग कंपनी नवा प्रोग्राम आणते, त्याची रीत वेगळी. जुन्याला हात लावायचा नाही, कारण त्याच्यावर आधीच पुष्कळ कामं चाललेली असतात आणि एक दुरुस्त करायला गेलं तर काय काय मोडेल सांगता येत नाही. नव्यालाही हात लावायचा नाही, तो दुसऱ्यांनी बनवलेला. म्हणून ही मध्ये एक छोटा तुकडा लिहिते. तो नव्याची मागणी नव्याच्या रीतीने घेतो, जुन्याला जुन्याच्या रीतीने सांगतो, आणि त्याचं उत्तर पुन्हा नव्याला समजेल असं करून देतो. दोघांना पत्ताही लागत नाही की समोरचा वेगळा आहे.

"त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अवं पोरी, मंग मी जन्मभर तेच तर केलं."

ती हसली आणि माझ्या गळ्यात पडली. तिला वाटलं मी संसाराबद्दल बोलते आहे. मी लेथबद्दल बोलत होते.

ती परत गेल्यावर हे लिहायला घेतलं. कोणाला दाखवायचं नाही. त्या वेळी जे तोंडाबाहेर पडलं नाही ते पोटात राहून आंबलं आहे, तेवढं एकदा बाहेर काढायचं.

आमचं खरादाचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं, दुकान नागपुरात लोहापुलाजवळ होतं. पुढे दुकान, मागे घर. दुकान यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, आणि लेथवर देवाजी मिस्त्री. हे कामं मिळवायला बाहेर असायचे, कधी कन्हानच्या खाणींकडे, कधी भंडाऱ्याकडे. दुकानात घरचं कोणी माणूस हवं म्हणून मी चहाचा कप घेऊन पुढे आले, ती तिथेच राहिले. मापं घ्यायला मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही. झालं असं, की देवाजी मिस्त्रीला जवळचं दिसेनासं झालं आणि त्याला चष्मा लावायचा नव्हता. चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा असतो, असं त्याचं म्हणणं. कॅलिपर माझ्यापुढे धरून तो म्हणायचा, "बाई, पाहा बरं, पट्टीवर धूळ बसली, मले रेघ दिसून नाही राहिली." धूळबिळ काही नसायची. मी रेघ वाचून सांगायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण आमच्या वेळी तेवढ्यात पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत असत, त्यामुळे इंचाचे तुकडे मला जड गेले नाहीत. असं होता होता माप घेणं, काय कशात बसेल ते ठरवणं आणि झालेला माल तपासणं माझ्याकडे आलं. मिस्त्रीचा हात आणि माझे डोळे. हे कोणी कधी बोलून दाखवलं नाही. मिस्त्री तर मरेपर्यंत धुळीलाच दोष देत होता.

त्या वर्षांत सगळीकडे दोन मापं नांदत होती. जुनी यंत्रं इंचाची, इंग्रजांच्या वेळची. नवी यायला लागली ती मिलिमीटरची. जुन्या पाइपाची चुडी एक, नव्या व्हॉल्व्हची दुसरी. चुडी म्हणजे स्क्रूवर असतात ते आटे, नागपुरात चुडीच म्हणतात. दिसायला दोन्ही चुड्या सारख्या, हाताने एक-दोन फेरे बसतातही, आणि मग अडकतात. तेव्हा लोक काय करतात? पाना लावतात आणि जोर करतात. जोर करून दोन्ही चुड्या खाऊन टाकल्या की मग आमच्याकडे येतात.

आम्ही त्यांना मधला तुकडा करून द्यायचो. पितळेचा नाहीतर लोखंडाचा ठोकळा, एका टोकाला जुन्याची चुडी, दुसऱ्या टोकाला नव्याची. नियम एकच. जुन्याला कापायचं नाही, नव्याला घासायचं नाही, जे काय करायचं ते मधल्यात करायचं. उद्या नवं बिघडलं तर काढून टाका, जुनं होतं तसंच राहतं. इतकी साधी गोष्ट, पण ती लोकांच्या डोक्यात शिरवता शिरवता माझे केस पांढरे झाले.

आधी माझीच अडचण सांगते. चुडी एक दांड्याच्या बाहेरून असते आणि एक भोकाच्या आतून. कारागीर त्यांना नर आणि मादी म्हणतात. भर दुकानात, परक्या माणसांसमोर, मला ते शब्द उच्चारता येत नसत. मी 'बाहेरची' आणि 'आतली' म्हणायचे. मिस्त्री मुद्दाम विचारायचा, "नर का मादी, बाई?"

"बाहेरची."

"थे आयकलं जी. पन नर का मादी?"

गिऱ्हाइकं हसायची. मी मान खाली घालून पट्टी पुसत बसायचे.

गिऱ्हाइकांची तर वेगळीच तऱ्हा. दारात उभं राहून विचारायची, "मालक कुठी हायेत जी?" बाहेर गेलेत म्हटलं की, "मंग येतो मी उद्या." माप मी घेणार, पण बोलायचं मालकाशी. मालक संध्याकाळी मलाच विचारणार, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही आणि मी सांगणार नाही.

आणि दोन्ही टोकं घेऊन कोणी येईल तर शपथ. बेशाचे एक शेतकरी आले. बेसा तेव्हा नुसतं शेतांचं गाव. हातात नवा व्हॉल्व्ह. मी विचारलं, "दुसरं टोक?"

"थे विहिरीवर हाये."

"माप आनलं?"

त्यांनी खिशातून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी काढली. "एवढं हाये. बराबर एवढं."

मी सांगितलं, ओली काडी वाळली की आकसते. ते म्हणाले, "आज सकाळीच तोडली जी, वाळन काहून?" मी म्हटलं, काडीने रुंदी कळेल, चुडी कशी कळणार? त्यांनी काडीकडे उलटसुलट पाहिलं, जशी काही ती आता बोलेल, आणि मला म्हणाले, "तुम्ही अंदाजानं बनवा नं. आमाले चालते." तुम्हाला चालतं हो. पाइपाला चालत नाही.

दुसऱ्या एकाने तर कळस केला. नवा पाइप जुन्या पंपाच्या तोंडावर बसेना, म्हणून त्याने घरीच आरीने पंपाचं चुडीवालं तोंड कापून टाकलं आणि पंप बैलगाडीत घालून आमच्याकडे आणला.

"आता यावर जोड बनवा."

"जोड कशावर चढवू? पंपाले चुडी कुठी हाये?"

"कापली नं."

"काहून कापली?"

"बसत नव्हती नं बाई!"

मी आत जाऊन पाणी पिऊन आले.

आणखी एक होते ते तुकड्यावर तुकडा चढवणारे. एकाने गावातल्या लोहाराकडून एक जोड केलेला, त्यावर कामठीहून आणलेला दुसरा, आणि आता आमचा तिसरा हवा. प्रत्येक सांध्यातून पाणी गळतं आणि हे प्रत्येक सांध्याला सुतळी गुंडाळतात. मी म्हटलं, सगळे काढा आणि एकच करू. ते म्हणाले, "मंग आधीचे वाया जातीन नं." पाणी वाया गेलेलं चालेल, तुकडा जायला नको.

पण चुडी बसली म्हणजे काम झालं असंही नसतं. हे आम्हाला कुहीच्या एका धानवाल्याने शिकवलं. त्याच्याकडे जुनं डिझेल इंजिन होतं आणि त्याने नवा पंप घेतला होता. इंजिनचा दांडा जाड, पंपाचा बारीक. आम्ही दोन वेगवेगळ्या भोकांचं कपलिंग करून दिलं, असं सुरेख की मिस्त्रीने ते कपाळाला लावलं. पुढच्या बाजारच्या दिवशी तो माणूस दारातूनच ओरडत आला, "बाई, तुमचा तुकडा घ्या वापस! पंप फिरते, पानी नाही येत! पऱ्हे वाळून राहिले माये!"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. मिस्त्रीने त्याच्यापुढे तुकडा दोनदा उलटापालटा केला. खोट कुठे दिसेना. शेवटी त्याच्या पंपावर बाण आहे का असं मी विचारलं. बाण होता. इंजिन कुणीकडे फिरतं? त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. बाणाच्या बरोबर उलटं. तुकड्याने दोघांना घट्ट धरलं होतं, पण एकाचं म्हणणं दुसऱ्याला उलटं पोचवत होता. मग कपलिंग काढून दोन चाकं लावली आणि पट्टा मधे पीळ घालून चढवला, म्हणजे फिरण्याची दिशा बदलते. पाणी आलं. तेव्हापासून मी टोकांसोबत हेही विचारायला लागले, की यातून जाणार काय आहे आणि कुठून कुठे. लोकांना हा प्रश्न फार आगाऊ वाटायचा. "तुमाले काय करा लागते जी? तुम्ही चुडी काढा."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, यांचा कन्हानला गेट-ग्रिलचा कारखाना होता. आमच्या घरात भासऱ्यांशी धाकट्या सुनेने बोलायचं नाही अशी रीत. ते आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा, तोंड फिरवायचं, आणि काही सांगायचं झालं तर तिसऱ्याकडून सांगायचं. घरात सासूबाई असायच्या, दुकानात देवाजी मिस्त्री. भासरे दोन हातांवर बसलेले, मी टेबलामागे, आणि मध्ये मिस्त्री. ते म्हणत, "मिस्त्री, माप घ्यायला सांग." मिस्त्री मला म्हणे, "बाई, माप घ्या." मी म्हणे, "दोन सूत कमी आहे." मिस्त्री त्यांना म्हणे, "दोन सूत कमी हाये." मी काय म्हटलं ते त्यांनी स्वच्छ ऐकलेलं असायचं. तरी मिस्त्रीचं म्हणून होईपर्यंत ते भिंतीकडे पाहत बसत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचं हसू आलं नाही.

त्या दिवशी हे भंडाऱ्याला गेलेले. बाजार बंद. दुपारी भासरे आले, सोबत त्यांचा वेल्डर सीताराम. सीताराम म्हणजे गप्पिष्ट, अंगाने किडकिडीत, कानावर विडी खोचलेली. त्याच्या हातात दुपट्ट्यात बांधलेला एक रेग्युलेटर आणि टाकी खोलायची चावी.

"मिस्त्री, अर्जंट काम हाये," भासरे म्हणाले. "मंगल कार्यालयाच्या कमानी करून राहिलो. परवा लग्न लागते तिथं. काळ्या टाकीचा रेग्युलेटर गेला, आन आज बाजार बंद. लाल टाकीचा एक जादा पडून हाये. नट सारखाच, फक्त चुडी उलटी हाये. मधला तुकडा करून दे. एका बाजूनं सुलटी, एका बाजूनं उलटी. मंग हाच लाल त्या काळ्यावर चढवतो."

यातली मेख आधी लिहून ठेवते. गॅसच्या वेल्डिंगला दोन टाक्या लागतात. काळीत ऑक्सिजन, लालमध्ये जळणारा गॅस. दोन्हींच्या तोंडाशी दाब कमी करणारं यंत्र लागतं, तो रेग्युलेटर. काळ्या टाकीचा दाब भयंकर असतो. लाल टाकीच्या रेग्युलेटरला तो सोसत नाही, खोलणाऱ्याच्या तोंडावर फुटतो. शिवाय ऑक्सिजनच्या वाटेत तेलाचा अंश राहिला तर तो पेट घेतो, आणि आमच्या लेथवर तेलाशिवाय काहीच होत नसे. म्हणून तर लाल टाकीची चुडी मुद्दाम उलटी ठेवलेली असते, माणूस घाईत चुकला तरी एकाचं दुसऱ्यावर चढू नये. नटाच्या कोपऱ्यांवर खाचाही पाडलेल्या असतात. हे सगळं मला देवाजी मिस्त्रीनेच पूर्वी सांगितलं होतं. म्हणजे दुकानात ही गोष्ट दोघांना माहीत होती. त्यांतल्या एकीला बोलायची मुभा नव्हती आणि दुसऱ्याला मालकाच्या थोरल्या भावाला नाही म्हणायची हिंमत नव्हती.

मी मिस्त्रीला हळूच म्हटलं, "नाही बनवाचं म्हना. फुटते थे."

मिस्त्री वळून म्हणाला, "भाऊ, बाई म्हनते का काम जरासं अवघड हाये."

"अवघड हाये म्हनून तं तुयाकडे आनलं नं!"

मी तशीच हळू म्हटलं, "अवघड नाही, मिस्त्री. धोक्याचं हाये. मानूस मरन म्हना."

मिस्त्री म्हणाला, "बाई म्हनते, पाहून करा लागन."

"मंग पाह्य नं बाप्पा! कोनं अडवलं?"

माझा जीव नुसता चडफडत होता. मी जरा मोठ्याने म्हटलं, "मिस्त्री, मी म्हनून काय राहिली आन तुम्ही सांगून काय राहिले!"

मिस्त्रीने कपाळाचा घाम पुसला आणि भासऱ्यांना सांगितलं, "बाई म्हनते, चहा ठेवते."

आणि मला खरोखरच आत जाऊन चहा ठेवावा लागला! थोरल्या माणसाच्या कानावर चहा म्हणून गेलं, आता तो झालाच पाहिजे. स्टोव्हला मी जरुरीपेक्षा जास्तच पंप मारला. दूध वर येईपर्यंत बाहेरून लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

चहा घेऊन बाहेर आले तर पितळेच्या तुकड्याची सुलटी बाजू झालेली. मिस्त्री दुसरं टोक धरून उलट्या चुडीसाठी लेथची हत्यार धरणारी गाडी उलटी चालवायची तयारी करत होता. माझ्याकडे पाहत नव्हता. सीताराम उंबरठ्यावर बसला होता, कप घेऊन म्हणाला, "वयनी, याले म्हनतेत चहा! कन्हानले भाऊ नुसतं रंगवलेलं पानी पाजते." भासरे गालात हसले. सीताराम हातातली चावी बोटावर फिरवत मिस्त्रीला सांगत होता, "तुकडा दे लवकर गा. संध्याकाळी कमानी उभ्या करतो. टाकी मीच खोलतो नं आमच्या इथं, दुसऱ्या कोनाले हात नाही लावू देत. पोरीचं बोट सोडीन एखाद्या वक्ती, पन टाकी बराबर खोलीन."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चहाची वाफ त्याच्या मिशीला लागत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने आतापर्यंत काय ऐकलं आहे. काम अवघड आहे, पाहून करावं लागेल, चहा ठेवते. बस. माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्या अगदी पुढ्यात बसला होता आणि त्याला काही माहीत नव्हतं.

मी ट्रे टेबलावर ठेवला, भिंतीकडे गेले आणि मोटरचा खटका खाली ओढला. लेथ थांबला.

भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला ठाऊक नव्हतं. कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"हा तुकडा या दुकानात नाही बनत. लाल टाकीचा रेग्युलेटर काळ्या टाकीवर फुटन. जो खोलन त्याच्या तोंडावर फुटन. चुडी उलटी ठेवली थे याच्याचसाठी ठेवली, का कोनी असा तुकडा बनवू नये."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका जाडाभरडा निघाला.

भासरे भिंतीकडे पाहून म्हणाले, "मिस्त्री, बाईले सांग, आत जा म्हना."

मी म्हटलं, "मिस्त्रीले कायले सांगता? मी इथंच उभी आहो."

त्यांनी तरीही माझ्याकडे पाहिलं नाही. "मिस्त्री, मालक आला म्हंजे सांगजो त्याले. तुया दुकानात आता बायका बोलून राहिल्या म्हना. इतवारीत खराद काही कमी नाही. चाल रे सीताराम."

सीताराम उठला नाही. "भाऊ, थे काय म्हनून राहिल्या?"

"काही नाही. चाल तू."

"वयनी, खरंच फुटते?"

"हो."

तो मिस्त्रीकडे वळला. "फुटते का गा?"

मिस्त्री चिंधीने हात पुसत होता. पुसून झाले तरी पुसत राहिला. मग खाली पाहून म्हणाला, "फुटते."

"आन मंग आतावरी चहा काहून पाजत होता बे मले!"

सीतारामने कप खाली ठेवला. उठून भासऱ्यांसमोर गेला आणि टाकीची चावी त्यांच्यापुढे धरली. आवाज चढवला नाही. "घ्या भाऊ. तुम्ही मालक हाये. दुसऱ्या खरादावर बनवा, मी नाही म्हनत नाही. पन टाकी तुम्हीच खोला."

भासऱ्यांनी चावी घेतली. थोडा वेळ तळहातावर धरून तिच्याकडे पाहत राहिले. मग ती खिशात टाकली, उरलेला चहा उभ्यानेच प्यायले, कप बरोबर बशीत ठेवला आणि निघून गेले. इतवारीत गेले नाहीत. सीताराम पुढच्या चौकापर्यंत त्यांच्या मागेच चालताना दिसला, पण बरंच अंतर ठेवून.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला, काळ्या टाकीचा रेग्युलेटर विकत आणला गेला, कमानी उभ्या राहिल्या. रंगाला मात्र वेळ पुरला नाही. लग्नात ओला रंग वऱ्हाडाच्या सदऱ्यांना लागला आणि त्याबद्दल बरेच दिवस आमच्याच दुकानाचं नाव निघत होतं.

हे भंडाऱ्याहून परत आले तेव्हा बातमी आधीच घरी पोचलेली.

"तू दादाशी बोलली?"

"हो."

"मिस्त्रीकडून सांगाचं नं मंग."

"सांगितलं होतं. त्यानं चहा सांगितला."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बोलतानी डोक्यावर पदर होता का वं?"

"होता."

"मंग जाऊ दे."

आणि खरंच ते जाऊ दिलं गेलं. घरात असं ठरलं, की ते बोलणं झालंच नव्हतं. सीताराम मेला असता त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पदराबद्दल मात्र नणंदेनेही पत्रातून विचारलं. भासरे काही महिने आले नाहीत, मग यायला लागले. पुन्हा तसेच भिंतीकडे पाहून बसायचे आणि मिस्त्रीला म्हणायचे, "विचार, होईल का." मी दोन हातांवरच असायचे. त्यांच्या शेवटच्या दुखण्यातही मी पाण्याचा पेला सासूबाईंच्या हाती द्यायचे, आणि मग त्या तो त्यांना द्यायच्या. एवढं मात्र झालं, की मिस्त्री माझे शब्द बदलेनासा झाला. मी 'नाही' म्हटलं की 'नाही'च म्हणायचा. म्हणून झालं की हळूच माझ्याकडे पाहायचा, बरोबर सांगितलं ना अशा नजरेने. बरोबर सांगायचा. पण त्याच्या त्या पाहण्याचाही मला राग यायचा.

सीताराम तेवढा मिस्त्रीला वळसा घालून थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायला लागला. नवा व्हॉल्व्ह आला, नवी नळी आली, की ती दुपट्ट्यात बांधून कन्हानहून सायकलने यायचा. "वयनी, पाहा बरं." मी कितीदा म्हटलं, अरे बाबा, ज्याने विकलं त्याला विचार, मला का विचारतोस. ऐकत नसे.

पुढे त्याच्या घरी गॅसची शेगडी आली. शेगडीवर अजून दूधही तापवलं नव्हतं आणि हा तिचा रेग्युलेटर घेऊन भर उन्हात माझ्यापुढे हजर.

"वयनी, याले चुडीच नाही. नुसतं दाबून बसवतेत म्हने. खोलू का?"

"अरे, हे काम मायं नाही. गॅसवाल्यानं काही सांगितलं नाही का?"

"सांगितलं. काही होत नाही म्हने. तुम्ही सांगा."

एवढ्यासाठी माणूस कन्हानहून सायकल मारत येतो. मी रेग्युलेटर हातात घेतला, उजेडाकडे धरून आतली रबराची वायसर बोटाने फिरवून पाहिली, तेलकटपणा नाही ना तेही पाहिलं. तो विडी न पेटवता उभा होता.

"खोल," मी म्हटलं.